लाईट आली की पाच मिनिटं थांबा : घरच्या स्टुडिओतल्या यंत्रांची राखण

आमच्या चिपळूणच्या बाजूला आता वाडीवाडीत कुणाच्या ना कुणाच्या घरी छोटा स्टुडिओ उभा राहतोय. एक लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), एक कंडेन्सर माईक, हेडफोन, आणि पैसे उरले तर दोन मॉनिटर स्पीकर. शिमग्याच्या आधी नमनाची गाणी, गणपतीच्या आधी भजनं आणि जाखडीची पदं करून घ्यायला मंडळी येतात. पोरं माईक कुठला घ्यावा यावर महिनाभर विचार करतात आणि मग तो सगळा संसार फ्रीजमागच्या जुन्या बोर्डात खुपसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. गावात असा किंवा शहरात, सॉकेटच्या मागे काय चाललंय ते समजून घेतल्याशिवाय पुढचा एकही रुपया खर्च करू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

मी हे शिकलो ते एक मॉनिटर स्पीकर गमावून. जूनमधला पहिला मोठा पाऊस होता. लाईनवर फांदी पडली, लाईट गेली. अर्ध्या तासाने आली ती पांढरीफटक. ट्यूब नेहमीपेक्षा लख्ख, पंखा असा गरगरायला लागला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. मी मेन स्विचकडे धावेपर्यंत डाव्या मॉनिटरमधून ‘टप्प’ असा आवाज आला आणि खोलीभर जळका वास. डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटला होता. मेकॅनिकने मागची प्लेट उघडून दाखवलं तेव्हा आत रुपयाच्या नाण्याएवढी एक निळी चकती होती, मधोमध फुटून काळी पडलेली, आणि शेजारी फ्यूजची काच आतून काजळलेली. उजवा मॉनिटर बंद होता म्हणून वाचला. लाईट गेली तेव्हा मी दोन्हींची बटणं बंद केली असती तर डावाही वाचला असता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय की लाईट जाते तेव्हा गाणं बिघडतं, पण यंत्र जळतं ते बहुतेक वेळा लाईट परत येते तेव्हा.

नेमका धोका कशाचा?

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा असतो. हा २३० म्हणजे हिशेबाचा आकडा. प्रत्येक लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातंच, आणि यंत्रं तेवढं गृहीत धरून बनवलेली असतात. त्रास तीन तऱ्हांनी होतो.

पहिला, क्षणाचा फटका. जवळपास वीज पडली, शेजारच्या विहिरीवरचा पंप बंद झाला, डीपीवर काही जोडलं-तोडलं, की सेकंदाच्या लाखाव्या भागात शेकडो ते हजारो व्होल्टचा झटका तारेतून येऊन जातो. दिवा नुसता लुकलुकतो, पण आतल्या नाजूक चिपला तो पुरतो.

दुसरा, चढून बसलेलं किंवा उतरून बसलेलं व्होल्टेज. गावात तीन फेज येतात आणि प्रत्येक घर एका फेजवर व न्यूट्रलवर चालतं. दोन फेजमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट असतात. मधला न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर भार कमी त्या घरांत व्होल्टेज त्या चारशेच्या दिशेने चढतं, आणि जिथे भार जास्त तिथे दिवे मिणमिणतात. हे काही क्षण नाही, मिनिटंच्या मिनिटं चालतं. मला बसला तो हा फटका.

तिसरा म्हणजे साधं लाईट जाणं आणि येणं. टेक (चालू असलेलं रेकॉर्डिंग) अर्धवट राहतो, फाइल बिघडते. लाईट आली की गावातले सगळे फ्रीज, पंप, मिक्सर एकदम ओढायला लागतात आणि पहिली काही मिनिटं व्होल्टेज हेलकावे खातं.

या तिघांवर इलाज वेगवेगळे आहेत. एकच डबा आणून तिन्ही सुटतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पहिली पायरी : अर्थिंग

इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा.

दोन वर्षांपूर्वी एक भजनी बुवा गायला आले होते. माईकच्या जाळीजवळ तोंड नेलं की थबकायचे. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मी हेडफोन काढला.

“काय झालं बुवा?”

“अरे, ओठाला मुंग्या येतायत. मघापासून सांगू की नको करत होतो.”

मी मल्टिमीटर लावला. माईकच्या धातूच्या अंगावर आणि जमिनीत शंभरच्या वर व्होल्ट! लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर मी एका एक्स्टेंशनमध्ये लावला होता, आणि त्या एक्स्टेंशनच्या वायरीत तिसरी तारच नव्हती. कॉम्प्युटरच्या चार्जरमध्ये, पॉवर सप्लायमध्ये आवाज-गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की मधला बिंदू अधांतरी राहतो आणि यंत्राच्या अंगावर पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज दिसतं. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून फक्त मुंग्या येतात. पण खरा बिघाड होऊन थेट फेज अंगावर आला तर मुंग्यांवर भागत नाही, आणि बाहेरून दोन्हींतला फरक कळत नाही. गाणाऱ्याचा हात माईकवर, पाय ओल्या लादीवर. म्हणून “होतं कधीकधी” म्हणून सोडून देऊ नका. तेव्हाच मेन स्विच बंद करून प्लग काढा.

दुसरं कारण असं की फटका शोषणारी बहुतेक साधनं तो जास्तीचा करंट अर्थिंगमध्ये ढकलतात. जमिनीत जायला वाट नसेल तर महागडा स्पाइक गार्डही (फटका अडवणारी प्लगची पट्टी) निम्मंच काम करतो.

तपासायचं कसं? साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, फक्त त्यावर ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ असं छापलेलं असावं. डायल एसी व्होल्टवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजला ठेवा. हात कोरडे, पायात चप्पल, बोटं टोकांपासून मागे. तीन पिनी सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं. तुमच्याकडे बघताना खाली उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवा. फेज-न्यूट्रल मोजा, फेज-अर्थ मोजा, मग न्यूट्रल-अर्थ मोजा. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत आला तर ठीक. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवत असेल, किंवा आकडा तरंगत असेल, तर अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली आहे किंवा कधी ओढलेलीच नाही.

यात एक फसवणूक असते, ती नीट ओळखा. काही ठिकाणी अर्थिंगची तार ओढायचा कंटाळा म्हणून सॉकेटच्या मागेच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला जोडलेला असतो. मीटरवर सगळं छान दिसतं, न्यूट्रल-अर्थ चक्क शून्य. पण उद्या न्यूट्रल तुटला की तुमच्या लॅपटॉपच्या, माईकच्या, स्पीकरच्या अंगावर थेट फेज येतो. त्याच बोर्डावर इस्त्री लावून ती तापत असताना न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. खरं अर्थिंग असेल तर आकडा थोडा तरी हलतो. भार टाकूनही शून्याला चिकटून राहिला तर संशय घ्या आणि वायरमनला बोर्ड उघडायला लावा. बोर्ड स्वतः उघडू नका.

आमच्या कोकणात आणखी एक अडचण. जांभा पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात खडखडीत कोरडं होतं, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. घरासाठी अर्थिंगचा रेझिस्टन्स पाच ओहमच्या आत आला की चांगलं असं वायरमन मंडळी धरतात. कातळावर तो सहजी येत नाही. तेव्हा खड्डा शक्यतो विहिरीच्या किंवा मोरीच्या पाण्याच्या बाजूला, कोळसा-मीठ नीट भरून, किंवा तयार केमिकल अर्थिंगचा पाइप घालून घ्या. उन्हाळ्यात खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. माझी आई तुळशीला पाणी घालताना एक तांब्या अर्थिंगलाही घालते.

शहरातल्या फ्लॅटमध्ये खड्डा सोसायटीचा असतो. तिथे सोसायटीच्या वायरमनकडून एकदा मोजून घ्या आणि आपल्या खोलीच्या बोर्डापर्यंत हिरवी तार खरंच आली आहे का ते बघून घ्या.

दुसरी पायरी : प्रत्येक यंत्राचं मागचं लेबल वाचा

वही घ्या आणि प्रत्येक यंत्राच्या किंवा अडॅप्टरच्या मागे काय लिहिलंय ते उतरवून काढा. लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असतं. म्हणजे व्होल्टेज १६० पर्यंत उतरलं तरी त्याला फरक पडत नाही. त्याच्यासाठी स्टॅबिलायझर घेणं म्हणजे पैसे वाया. मॉनिटर किंवा जुन्या मिक्सरवर नुसतं ‘२३० व्होल्ट’ असेल तर तो कमी-जास्त व्होल्टेजला हळवा आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणून दिलेलं यंत्र असेल तर दोनदा वाचा. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच लिहिलं असेल तर ते आपल्या सॉकेटमध्ये लावलं की क्षणात जातं. काहींच्या मागे ११५/२३० चा सरकता स्विच असतो, तो आधी बदला. नसेल तर पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. प्लगला नुसतं कन्व्हर्टर पिन लावून व्होल्टेज बदलत नाही.

वॅटही लिहा, कारण यूपीएस घेताना लागतील. आणि फ्यूजचा आकडाही. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा, त्याच जातीचा घाला (‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा). तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवलं की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्ड जळतो.

तिसरी पायरी : मेन बोर्डावर दोन पहारेकरी

घरात एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणजे यंत्रं सुरक्षित, हा समज सगळ्यांचा. एमसीबी तारा वाचवतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पुरवठा तोडणारा स्विच) माणूस वाचवतो, तो हवाच. यंत्रासाठी वेगळ्या दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही मेन बोर्डात एमसीबीशेजारी बसतात.

एक म्हणजे एसपीडी, सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. घरासाठी टाइप २ चा. बाहेरून आलेला क्षणाचा फटका तो जमिनीकडे वळवतो. याच्या अंगावर छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे फटका खाऊन संपला. बसवताना वायरमनला एक आवर्जून सांगा : याच्या तारा जितक्या आखूड तितकं चांगलं, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. लांब वळसे घातलेली तार असेल तर फटका तिच्यातच अडखळतो आणि यंत्राकडे जातो.

दुसरा म्हणजे हाय-लो व्होल्टेज कट-ऑफ. न्यूट्रल तुटण्यावर हाच इलाज, आणि दुकानात कुणी आपणहून सुचवत नाही म्हणून मी इथे ठासून सांगतोय. व्होल्टेज ठरवलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे (साधारण २७०) गेलं किंवा खालच्या मर्यादेखाली (साधारण १७०) आलं की हा पुरवठाच तोडतो. व्होल्टेज जाग्यावर आलं की थोडा वेळ थांबून आपोआप जोडतो. हा थांबायचा वेळ काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत ठरवता येतो. मी माझा तीन मिनिटांवर ठेवलाय. आमच्याकडे त्यानंतर पुन्हा एकदा न्यूट्रल गेला. तेव्हा बोर्डावर आकडा २९६ दिसत होता आणि स्टुडिओ अंधारात, शांत. शेजारच्या घरात टीव्ही गेला.

भाड्याच्या खोलीत मेन बोर्डाला हात लावता येत नसेल तर एसीच्या स्टॅबिलायझरमध्ये हाय कट आणि टाइम डिले दोन्ही असतात, तसा एखादा छोटा घ्या. फक्त स्टॅबिलायझरच्या रिलेचा ‘टक-टक’ आवाज माईकमध्ये येतो, म्हणून तो खोलीबाहेर ठेवा.

चौथी पायरी : स्पाइक गार्ड

दुकानातल्या प्रत्येक पांढऱ्या लांब पट्टीला लोक स्पाइक गार्ड म्हणतात. त्यातल्या कितीतरी नुसती एक्स्टेंशन असतात, आत लाल दिव्याशिवाय काही नाही. घेताना जूल किंवा किलोअँपिअरचा आकडा छापलेला आहे का, ‘प्रोटेक्टेड’ असा वेगळा दिवा आहे का, आणि प्लग खरंच तीन पिनी आहे का, एवढं बघा.

आत असते ती तीच निळी चकती, जी माझ्या मॉनिटरमध्ये फुटली. व्होल्टेज तिच्या मर्यादेवर गेलं की ती वाट मोकळी करते आणि फटका स्वतः गिळते. क्षणाचा फटका ती झेलते. पण तिच्या मर्यादेपलीकडचं व्होल्टेज मिनिटंच्या मिनिटं राहिलं तर ती तापून जळते. शिवाय प्रत्येक फटक्यासरशी ती थोडी झिजते. म्हणून तीन-चार पावसाळे झाले की पट्टी बदला, दिवा लागत असला तरी. जुनी पट्टी स्टुडिओला नको.

पट्टीला दुसरी पट्टी जोडू नका. पट्टी जमिनीवर ठेवू नका, भिंतीला हातभर उंच ठोका. २२ जुलै २०२१ चा पूर आमच्या चिपळूणने पाहिलाय. कितीतरी घरांत तेव्हा पाणी या उंचीच्या फार वर गेलं, त्याला उपाय नव्हता. पण दरसालच्या पावसात दाराखालून आत येणारं पाणी तरी पट्टीपर्यंत पोचू नये.

पाचवी पायरी : यूपीएस खरंच हवा का?

लॅपटॉपवर काम करत असाल तर थांबा. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस तुमच्याकडे आधीच आहे. इंटरफेस यूएसबीवरच चालणारा असेल तर लाईट गेली तरी टेक चालूच राहतो. फक्त मॉनिटर बंद पडतात, आणि रेकॉर्डिंग तर आपण हेडफोनवरच करतो. अशांनी तो पैसा अर्थिंगवर आणि कट-ऑफवर घालावा. यूपीएस नंतर.

डेस्कटॉप असेल, किंवा इंटरफेस वेगळ्या अडॅप्टरवर चालत असेल, तर यूपीएस लागणारच. मिळणारे यूपीएस तीन जातींचे. साधा ऑफलाइन, लाइन-इंटरॅक्टिव्ह आणि ऑनलाइन. घरच्या स्टुडिओला मधला पुरतो. व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तर तो बॅटरी न वापरता सावरतो आणि लाईट गेली की दहाएक मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो. पन्नास हर्ट्झच्या एका लाटेला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे निम्मी लाट जाते एवढंच. चांगला पॉवर सप्लाय तेवढा दम धरतो. ऑनलाइन उत्तम, पण महाग, आणि त्याचा पंखा सारखा घोंघावतो, जो माईकच्या खोलीत नकोसा होतो.

‘६०० व्हीए’ पाहून ६०० वॅट समजू नका. तसे यूपीएस बहुधा ३६० वॅटचे असतात. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते. सव्वाशे वॅटच्या भाराला ती नवीन असताना पंधरा-वीस मिनिटं देते. तेवढ्यात ओळ पूर्ण करा, सेव्ह करा, बंद करा. त्यावर रात्रभर मिक्सिंग होणार नाही. आणि लेझर प्रिंटर, इस्त्री, पंखा यावर कधीही लावू नका.

‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेला मिळाला तर तोच घ्या. साध्या यूपीएसची किंवा जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. त्यावर ट्रान्सफॉर्मर असलेला मॉनिटर किंवा ॲम्प्लिफायर गुरगुरायला लागतो, पंखा कण्हतो, काही नवे पॉवर सप्लाय बंदच पडतात.

बऱ्याच घरांत मोठ्या ट्यूब्युलर बॅटरीचा इन्व्हर्टर असतोच. त्याच्या मागे एक बटण असतं, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’. नॉर्मलवर असेल तर साधारण १०० पासून २९० पर्यंतचं व्होल्टेज तो सरळ आत सोडतो, आणि बदलायला वेळ घेतो म्हणून डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. यूपीएसवर केलं की १८० ते २६० च्या बाहेर गेलेलं व्होल्टेज तो आत येऊ देत नाही, बॅटरीवर जातो. एवढं एक बटण फिरवायचं असतं. मी किती घरांत हे बटण नॉर्मलवर पाहिलंय!

यूपीएसचा बझर मात्र आधीच बंद करून ठेवा. आमच्याकडे एका गवळणीच्या अत्यंत सुंदर आलापात दर दहा सेकंदांनी ‘पीप’ आहे.

हम आला म्हणून अर्थची पिन कापू नका

हे पायरीत बसत नाही, पण सांगायलाच हवं. सगळं जोडल्यावर स्पीकरमधून बारीक घुमणारा ‘हम्म’ येतो, ५० हर्ट्झचा, त्यात १०० चाही. लोक अर्थची पिन काढून टाकतात आणि आवाज जातो. आवाज जातो, पण बुवांच्या ओठांच्या मुंग्या परत येतात.

आवाज येतो तो दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या बोर्डांवर असल्याने, दोन वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने. आधी लॅपटॉप, इंटरफेस, मॉनिटर सगळं एकाच पट्टीवर आणा. मग इंटरफेस ते मॉनिटर बॅलन्स्ड केबल घाला (बाहेरचा गोंगाट गाळणारी; टीआरएस किंवा एक्सएलआर पिनची). एवढ्यावर बहुतेक ठिकाणी सुटतं. नाही सुटलं तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (आवाजाच्या तारेत मधे बसणारा छोटा डबा) घ्या; त्यात आवाजाच्या तारेतली अर्थची साखळी तुटते, विजेच्या तारेतली नाही.

सहावी पायरी : लाईट गेली, लाईट आली

ही सवय फुकट आहे आणि सगळ्यात जास्त यंत्रं हीच वाचवते.

लाईट गेली की पहिला हात मॉनिटरच्या बटणाकडे. मग इंटरफेसचा आवाज शून्यावर. मग पट्टीचं बटण बंद. लॅपटॉपवर असाल तर चार्जर काढा आणि काम चालू ठेवा.

लाईट आली की काहीही लगेच लावू नका. पाच मिनिटं थांबा. बोर्डावर व्होल्टमीटर असेल तर आकडा बघा. नसेल तर ट्यूब आणि पंखा बघा, नेहमीसारखे आहेत का. मग पट्टी, मग कॉम्प्युटर, मग इंटरफेस, आणि सगळ्यात शेवटी मॉनिटर. बंद करताना उलट, मॉनिटर सगळ्यात आधी. इंटरफेस चालू-बंद होताना एक ‘धप्प’ येतो, तो चालू मॉनिटरच्या ट्विटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) गेला तर ट्विटर फाटतो.

दिवे डोळे दिपवतील असे लख्ख झाले, किंवा एका घरात लख्ख आणि दुसऱ्या घरात मंद झाले, तर न्यूट्रल गेला असं समजा. सरळ मेन स्विच बंद करा, शेजाऱ्यांना हाक मारून बंद करायला सांगा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

लाईट बंद राहणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला तर त्या दिवशी रेकॉर्डिंग ठेवू नका. पुण्यात देखभालीची कामं सहसा गुरुवारी असतात, तिथली स्टुडिओवाली मुलं गुरुवार मोकळाच सोडतात. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक दिवस लाईट नव्हती. अशा वेळी कुठलाच यूपीएस कामाचा नाही. यंत्रं पुसून, प्लग काढून, कोरड्या जागी ठेवायची.

विजा कडाडत असतील तर

वर सांगितलेलं काहीही जवळ पडलेल्या विजेसमोर टिकेल याची खात्री नाही. तिथे एकच उपाय, प्लग सॉकेटमधून बाहेर. बटण बंद करून भागत नाही, बटणातलं अंतर विजेला काहीच नाही. इंटरनेटची तार तांब्याची असेल, केबल टीव्हीची असेल, तर तीही राउटरमधून काढा. कितीतरी लॅपटॉप विजेच्या प्लगमधून नाही, लॅनच्या तारेतून गेलेत. फायबर काचेची असते, तिच्यातून करंट येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर असतोच.

पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घ्या. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये विजा पडत असतील तर ते सांगतं. ॲप नसेल तर चमक दिसल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की गाणं थांबवा. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र प्लग काढायला धावू नका, तेव्हा तारांना हात लावणं जिवाशी खेळणं आहे. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारी काम उरकलं की मी प्लग काढूनच चहाला जातो.

अर्धवट राहिलेला टेक

टेक चालू असताना कॉम्प्युटर बंद पडला तर फाइल शून्य सेकंदांची दिसते आणि माणूस ती पुसून टाकतो. पुसू नका. फाइलचा आकार एमबीमध्ये बघा. आकार मोठा असेल तर आवाज आत आहे. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला लांबीची नोंद असते ती तेवढी पूर्ण झालेली नसते. ऑडॅसिटीत फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा असं जाऊन, ज्या सेटिंगवर रेकॉर्ड केलं होतं ते (उदाहरणार्थ २४ बिट, ४८,००० हर्ट्झ, मोनो) निवडा. सुरुवातीला एक टिचकी ऐकू येईल आणि मग गाणं. त्या बुवांचा एक अख्खा अभंग मी असा परत मिळवलाय.

रेकॉर्डिंग वेगळ्या अडॅप्टरवर चालणाऱ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर करू नका; लाईट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. यूएसबीवर चालणारी एसएसडी घ्या. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा. आणि झालेल्या कामाची एक प्रत घराबाहेर, निदान मामाच्या घरी तरी.

महिन्यातून एकदा

प्रोजेक्ट सेव्ह करून, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून बघा किती मिनिटं चालतो. आकडा खडूने त्याच्या अंगावर लिहा, तारखेसह. वीस मिनिटांचे पाच झाले की बॅटरी संपली. साधारण दोन-तीन वर्षांत हे होतं. फुगलेली बॅटरी ताबडतोब बाहेर काढा. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या, शिशाची असते, तो वजनावर पैसे कापून देतो. त्याच दिवशी मेन बोर्डावर एसपीडीची खिडकी बघा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यावरची झाडी साफ करा.